दात्याची 'कोअर' टेस्ट रिॲक्टिव्ह आली म्हणून प्रत्यारोपण थांबत नाही

तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. वडील ५८ वर्षांचे, डायलिसिसवर. आई ५४ वर्षांची, तिची किडनी द्यायचं ठरलंय. आईचा एचबीएसएजी निगेटिव्ह आहे, पण अँटी-एचबीसी टोटल रिॲक्टिव्ह आलंय. वडिलांचे हिपॅटायटीस बी लसीचे चार डोस झालेत, तरी अँटी-एचबीएस जेमतेम १४. एक डॉक्टर म्हणाले, 'हा दाता चालणार नाही.' दुसरे म्हणाले, 'काही होत नाही, करून टाका.' त्यात ओळखीच्या एका रुग्णाला यकृत मिळालं, त्याच्या दात्याचा असाच रिपोर्ट होता, आणि त्याला मात्र आयुष्यभर गोळी सांगितली आहे. मग आपल्याला वेगळा नियम का? आणि शेवटी, घरात आईचं ताट-वाटी वेगळं ठेवायचं का?

माझं मत आधी सांगतो. तुम्ही दिलेल्या माहितीवर आईला दाता म्हणून नाकारण्याचं कारण मला दिसत नाही. पण 'करून टाका' इतकंही ते सरळ नाही. ऑपरेशनआधी दोन-तीन गोष्टी व्हायला हव्यात, आणि त्यातली वडिलांच्या लसीची गोष्ट याच आठवड्यात हाती घ्यायला हवी.

रिपोर्टपासून सुरुवात करू. एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचा तुकडा. तो रक्तात सापडला तर संसर्ग आत्ता चालू आहे. अँटी-एचबीएस ही त्या आवरणाविरुद्धची प्रतिपिंडं; ती लसीनेही येतात आणि आजार होऊन बरा झाल्यावरही. अँटी-एचबीसी, ज्याला आम्ही वॉर्डात नुसतं 'कोअर' म्हणतो, ती विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडं. लसीत गाभा नसतोच, त्यामुळे लसीने कोअर कधीच रिॲक्टिव्ह होत नाही. ते खरोखर रिॲक्टिव्ह असेल तर विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला आहे. चौथी तपासणी एचबीव्ही डीएनएची, म्हणजे पीसीआरने थेट विषाणू मोजायची.

तुमच्या आईच्या वयाच्या माणसांत कोअर रिॲक्टिव्ह येणं दुर्मीळ नाही. बाळांना हिपॅटायटीस बीची लस सरकारी कार्यक्रमातून द्यायला आपल्याकडे २००२ च्या सुमारास मोजक्या शहरांत आणि जिल्ह्यांत सुरुवात झाली. ती देशभर पोचायला २०११ उजाडलं. त्याआधीच्या पिढ्यांना लस जवळजवळ नव्हतीच, आणि पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया मात्र मुबलक होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना हिपॅटायटीस बीचा चालू संसर्ग असल्याचा अंदाज आहे. संसर्ग होऊन गेलेल्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट. अशा प्रत्येकाला नकार द्यायचा ठरवलं तर मोठ्या वयाचे कितीतरी चांगले दाते आपण घालवून बसू.

मग धोका कुठे आहे? हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की तिच्या केंद्रकात आपल्या जनुकांची एक गोल, चिवट प्रत ठेवून देतो. माणूस बरा होतो, एचबीएसएजी जातो, प्रतिपिंडं येतात, तरी ती प्रत काही पेशींत उरतेच. शेतातल्या हराळीसारखं आहे हे: वरून रान स्वच्छ दिसतं, पण मूळ खाली असतं आणि पाऊस मिळाला की फुटतं. इथे पाऊस म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. त्यातही स्टेरॉइड दुहेरी काम करतात. ते पहारा तर ढिला करतातच, शिवाय या विषाणूच्या जनुकांत स्टेरॉइडला प्रतिसाद देणारा एक भागच आहे, त्यामुळे त्याच्या वाढीला थेट चालना मिळते.

यकृत आणि किडनी यांना वेगळा नियम का, याचं उत्तर यातच आहे. ही चिवट प्रत मुख्यतः यकृताच्या पेशींत असते. कोअर रिॲक्टिव्ह माणसाचं यकृत दुसऱ्याला दिलं की प्रतही सोबत जाते. ज्याला कधी संसर्गही झालेला नाही आणि ज्याने लसही घेतलेली नाही अशाला ते यकृत मिळालं आणि संरक्षक औषध दिलं नाही, तर जवळजवळ निम्म्या रुग्णांत नव्याने हिपॅटायटीस बी उभा राहतो. ज्याच्या शरीरात आधीच प्रतिपिंडं आहेत त्याच्यात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येतं. रोजची विषाणूविरोधी गोळी दिली तर दोन-तीन टक्क्यांच्या घरात. किडनीचं तसं नाही. काढल्यावर ती थंड द्रावणाने धुतली जाते, रक्त निघून जातं, आणि विषाणूचं मूळ घर तिथे नसतंच. कोअर रिॲक्टिव्ह दात्यांच्या किडन्या मिळालेल्या १,३०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा एचबीएसएजी पॉझिटिव्ह झालेले अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाले. रक्तात नुसती नवी प्रतिपिंडं उमटलेले सुमारे ३ टक्के. म्हणून तुमच्या ओळखीच्या रुग्णाला आयुष्यभराची गोळी आणि तुमच्या वडिलांना कदाचित एकही नाही, हे दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतं.

आता आईच्या तपासण्या. कोअरची चाचणी आधी पुन्हा करून घ्या, शक्यतो दुसऱ्या पद्धतीच्या किटवर, कारण एकटी कोअर रिॲक्टिव्ह आणि बाकी सगळं निगेटिव्ह असेल तेव्हा चाचणीच चुकल्याची शक्यता बरीच असते. आईला अलीकडे रक्त, प्लाझ्मा किंवा इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन दिलं होतं का तेही सांगा. त्यातून दुसऱ्याची प्रतिपिंडं उसनी येतात आणि काही महिने रिपोर्ट फसवतात. सोबत कोअरची आयजीएम चाचणी करा, म्हणजे संसर्ग अगदी ताजा तर नाही ना हे कळेल, अँटी-एचबीएस करा, आणि एचबीव्ही डीएनए तर हवाच. डीएनए निगेटिव्ह, यकृताचे एन्झाइम्स नॉर्मल, सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन (यकृत कडक झालंय का ते मोजणारी तपासणी) ठीक, एवढं असेल तर आई किडनी देऊ शकते. तिच्या स्वतःच्या तब्येतीला या जुन्या संसर्गामुळे ऑपरेशनचा वेगळा धोका नाही. पण तिला एक गोष्ट कायमची लक्षात ठेवायला सांगा: पुढे कधी केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घ्यायची वेळ आली तर 'माझं कोअर रिॲक्टिव्ह आहे' हे त्या डॉक्टरांना सांगायचं. बहुतेकांना ही गोष्ट सांगितलीच जात नाही.

डीएनए पॉझिटिव्ह आला, अगदी थोडा का असेना, तर चित्र बदलतं. मग आईलाच आधी पेशंट म्हणून पाहावं लागेल. आणि सगळं निगेटिव्ह असलं तरी ऑपरेशनच्या आधीच्या चार आठवड्यांत एचबीएसएजी आणि डीएनए पुन्हा करा. सहा महिन्यांपूर्वीच्या फाइलवर विसंबून टेबलवर जाणं मला पटत नाही.

वडिलांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त काम तिथे आहे. अँटी-एचबीएस १० च्या वर म्हणजे संरक्षण आहे, ही पुस्तकी व्याख्या. त्या हिशेबाने १४ पास. पण डायलिसिसवरच्या माणसाचा आकडा टिकत नाही. आज १४ असेल तर काही महिन्यांत १० च्या खाली जाणार हे जवळपास ठरलेलं. आणि एकदा टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली की लस नीट लागू पडत नाही. म्हणून जे करायचं ते ऑपरेशनआधी.

आधी चौकशी करा की ते चार डोस नक्की कसे दिले. निरोगी प्रौढाला २० मायक्रोग्रॅमचा डोस लागतो. डायलिसिसच्या रुग्णाला दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, आणि तो ०, १, २ आणि ६ महिन्यांनी. इंजेक्शन दंडात द्यायचं, कमरेत नाही. कमरेतल्या चरबीत गेलेली लस वाया गेल्यासारखीच असते. प्रत्यक्षात कितीतरी जणांना चारही वेळा साधा २० चा डोस मिळालेला असतो आणि कार्डावर 'लसीकरण पूर्ण' असा शिक्का असतो. सगळं नीट दिलं तरी डायलिसिसवर निम्म्या ते दोन तृतीयांश रुग्णांतच पुरेशी प्रतिपिंडं येतात. निरोगी तरुणांत हेच प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असतं.

तुमच्या वडिलांना मी आत्ता ४० मायक्रोग्रॅमचा बूस्टर देईन आणि चार ते आठ आठवड्यांनी आकडा पाहीन. लग्नाचे पुरावे, एचएलए (पेशींवरच्या खुणांची जुळणी), क्रॉसमॅच (वडिलांचं रक्त आईच्या पेशींवर हल्ला करतं का ते पाहणं), आईच्या हृदयाच्या तपासण्या, या सगळ्यात तेवढे दिवस जातातच. लसीसाठी वेगळं थांबावं लागत नाही. आकडा १०० च्या वर गेला तर मी विषाणूविरोधी गोळी देत नाही, फक्त लक्ष ठेवतो. १० ते १०० मध्ये अडकला तर केंद्रागणिक मत वेगळं. काही जण नुसतं लक्ष ठेवतात. मी पहिलं वर्षभर गोळी देण्याच्या बाजूचा आहे, कारण प्रतिकारशक्ती सर्वांत जास्त दाबलेली असते ती याच वर्षात आणि गोळीचा त्रास नगण्य असतो. १० च्या खालीच राहिला तर वर्षभराची गोळी नक्की. पण आकडा वाढावा म्हणून डायलिसिसवर वर्ष वर्ष काढू नका. डायलिसिसवरचं प्रत्येक वर्ष स्वतःच धोक्याचं असतं, आणि तो धोका या किडनीतून येणाऱ्या हिपॅटायटीस बीपेक्षा कितीतरी मोठा.

वडिलांचीही अँटी-एचबीसी तपासणी झाली आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही. नवरा-बायको तीस-पस्तीस वर्षं एकत्र राहिलेत आणि एकाला कधीतरी संसर्ग होऊन गेलाय, तर दुसऱ्यालाही होऊन गेला असण्याची शक्यता असते. तसं निघालं तर १४ या आकड्याचा अर्थच बदलतो. मग ती लसीची नाही, जुन्या संसर्गाची प्रतिकारशक्ती असू शकते, आणि प्रश्न आईच्या किडनीचा कमी आणि वडिलांच्या स्वतःच्या यकृतातल्या प्रतीचा जास्त होतो. किडनी प्रत्यारोपणानंतर असा जुना संसर्ग पुन्हा जागा होण्याचं प्रमाण थोड्या टक्क्यांतच असतं, तरी नियमित डीएनए तपासणी लागते.

बूस्टर दिल्यावर दोन-तीन आठवडे एचबीएसएजीची तपासणी करू नका. लसीत तोच अँटिजेन असतो, त्यामुळे तेवढ्या काळात रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. मग डायलिसिस सेंटरवाले घाबरून रुग्णाला पॉझिटिव्हच्या वेगळ्या मशिनवर टाकतात, आणि तिथे त्याला खराखुरा संसर्ग व्हायची भीती. हा विषाणू सुकलेल्या रक्ताच्या डागावर सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. वेगळं मशिन, वेगळी खोली हे नियम उगाच केलेले नाहीत. लस आणि तपासणी यांच्या तारखा सेंटरच्या फाइलवर ठळक लिहून ठेवा.

रिटुक्सिमॅबबद्दल विचारून घ्या. तुमच्याकडे रक्तगट जुळतो की नाही हे कळत नाही. जुळत नसेल, किंवा वडिलांच्या रक्तात आईच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं असतील, तर ऑपरेशनआधी हे औषध दिलं जाण्याची शक्यता आहे. ते प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची फळीच झोपवतं. त्यानंतर लस द्यायची म्हणजे पाणी टोचल्यासारखं, म्हणून लस आधीच. आणि वडिलांचं स्वतःचं कोअर रिॲक्टिव्ह निघालं तर रिटुक्सिमॅबसोबत विषाणूविरोधी गोळी हवीच. शेवटच्या डोसनंतरही किमान १२ महिने, शक्य तर १८. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये या औषधावर हिपॅटायटीस बी उसळण्याचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो यासाठीच.

यकृताच्या बाबतीत विचारलंत म्हणून थोडं मागे जातो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हिपॅटायटीस बीने यकृत गेलेल्या रुग्णाला नवं यकृत द्यायला अनेक केंद्रं तयार नसत. विषाणू बहुतेकांच्या नव्या यकृतात परत येई, आणि काहींत इतक्या वेगाने की महिन्यांत तेही निकामी होई. १९९३ मध्ये युरोपातल्या केंद्रांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली आणि दिसलं की हिपॅटायटीस बी इम्युनोग्लोब्युलिन दीर्घकाळ दिलं तर हे परतणं निम्म्याने घटतं. मग लॅमिव्ह्युडिन ही विषाणूविरोधी गोळी आली. ती चांगली होती, पण विषाणू तिला सरावायचा. पाच वर्षांत दोन तृतीयांशांहून अधिक रुग्णांत प्रतिरोध. खरा पालट एंटेकाव्हिर आणि टेनोफोव्हिर या नव्या गोळ्यांनी केला. आज या गोळ्यांवर परतणं काही टक्क्यांतच राहतं, आणि हाँगकाँगच्या डॉक्टरांनी तर इम्युनोग्लोब्युलिन अजिबात न देता केवळ एंटेकाव्हिरवर मोठ्या संख्येने रुग्ण यशस्वीपणे सांभाळून दाखवले. आपल्यासारख्या देशात हे फार मोलाचं, कारण इम्युनोग्लोब्युलिन महाग, वर्षानुवर्षं टोचायचं, आणि कधी मिळायचं, कधी नाही. ज्यांचा डीएनए ऑपरेशनच्या वेळी खूप जास्त आहे, ज्यांना सोबत हिपॅटायटीस डीची लागण आहे, किंवा गोळ्या वेळेवर घेतील याची खात्री नाही, अशांना मी अजूनही ते देतो. बाकीच्यांना त्याची गरज मला वाटत नाही.

कोअर रिॲक्टिव्ह दात्याचं यकृत सर्वांत शोभतं ते अशाच रुग्णाला, ज्याला स्वतःच्या हिपॅटायटीस बीसाठी गोळी आयुष्यभर घ्यायचीच आहे. त्याला नवीन ओझं काही नाही. ते यकृत लस न घेतलेल्या तरुणाला देणं चूक नाही, पण मग त्याच्या घरच्यांना 'कायमची गोळी' म्हणजे काय हे ऑपरेशनआधी समजलेलं असावं. एचबीएसएजी पॉझिटिव्ह जिवंत दात्याचं यकृत मात्र मी घेणार नाही; ज्याचं यकृत आजारी आहे त्याचं अर्धं कापून घेणं दात्यावर अन्याय आहे. एचबीएसएजी पॉझिटिव्ह दात्याची किडनी ही वेगळी चर्चा. थायलंड, तुर्कस्तान, चीन इथे भरपूर प्रतिपिंडं असलेल्यांना अशा किडन्या देऊन चांगले निकाल मिळालेत. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही, म्हणून इथेच सोडतो.

आता गोळी द्यायची वेळ आलीच तर कोणती, आणि चुका कुठे होतात? माझ्या अनुभवात हिपॅटायटीस बीचे प्रत्यारोपणाचे बेत ऑपरेशन टेबलवर फसत नाहीत. ते फसतात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, घरी.

पहिली चूक डोसची. एंटेकाव्हिर किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून त्याचा डोस किडनीच्या कामावर ठरतो. डायलिसिसवर ०.५ मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा. किडनी चांगली चालू लागली की तीच रोज. ऑपरेशन होतं, क्रिएटिनिन १.१ वर येतं, सगळे पेढे वाटतात, आणि गोळी आठवड्याला एकच चालू राहते, कारण डिस्चार्ज कार्डावर जुनी यादी जशीच्या तशी उतरली. उलटंही होतं: किडनी पुन्हा बिघडते आणि डोस कमी होत नाही. प्रत्येक भेटीत 'माझ्या आजच्या क्रिएटिनिनला हा डोस बरोबर आहे ना?' असं विचारा. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, जेवणाच्या आधी आणि नंतर दोन तास सोडून. रात्री झोपताना घेणं बहुतेकांना जमतं. ती सुरू करण्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याचा रिपोर्ट हातात हवा, कारण एचआयव्ही असताना एकटं एंटेकाव्हिर दिलं तर एचआयव्हीचा विषाणू त्याच्यावरच्या काही औषधांना दाद देईनासा होतो.

टेनोफोव्हिर दोन रूपांत मिळतं. जुनं डायसोप्रॉक्सिल, ३०० मिलिग्रॅम, काही जणांत किडनीच्या नलिकांना इजा करतं. नव्या किडनीवर मी ते शक्यतो टाळतो. नवं अलाफेनामाइड, २५ मिलिग्रॅम, किडनीला बरंच सौम्य आणि जेवणासोबत घ्यायचं. दोन्हींच्या पाकिटांवर 'टेनोफोव्हिर' मोठं छापलेलं असतं आणि दुकानदार 'एकच आहे हो' म्हणून बदलून देतो. एकच नाही. पाकीट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बदल स्वीकारू नका. आणखी एक, खास आपल्याकडचं: प्रत्यारोपणानंतर टीबी होणं आपल्या देशात नवलाचं नाही, आणि टीबीचं रिफॅम्पिसिन अलाफेनामाइडची रक्तातली पातळी पाडतं. टॅक्रोलिमसचीही पाडतं. टीबीचं औषध सुरू करणाऱ्या डॉक्टरांना ही यादी दाखवल्याशिवाय पहिली गोळीही घेऊ नका. इंटरफेरॉन मात्र किडनी प्रत्यारोपणानंतर कुणी सुचवलं तर नाही म्हणा. त्याने शरीर नवी किडनी नाकारू शकतं.

दुसरी चूक म्हणजे गोळी आपोआप बंद होणं. कुणी ठरवून बंद करत नाही. तालुक्याच्या दुकानात मिळाली नाही, पुढच्या महिन्यात पुण्याला गेल्यावर आणू, म्हणून राहते. टेनोफोव्हिर मागितलं की दुकानदार विचित्र नजरेने पाहतो, कारण तेच औषध एचआयव्हीलाही देतात. ती नजर नको म्हणून मुलगा आणायचा थांबतो. नवीन डॉक्टर दहा गोळ्यांची यादी पाहतात, हिपॅटायटीस बी कुठेच लिहिलेला नसतो, एचबीएसएजी निगेटिव्ह दिसतो, आणि 'ही कशाला?' म्हणून कापतात. यकृताच्या रुग्णात हे घडलं तर विषाणू काही आठवड्यांत ते महिन्यांत डोकं वर काढतो, आणि डोळे पिवळे होईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. मग घरचे कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात, हातावर चुन्याचं पाणी पिवळं होताना पाहतात, नाकात रस घालून घेतात, आणि जे दोन-तीन आठवडे औषधाने वाचवता आले असते ते निघून जातात. प्रत्यारोपण झालेल्याला कावीळ झाली तर ती त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवायची गोष्ट आहे. झाडपाल्याचा काढा तर टॅक्रोलिमसची पातळीही वर-खाली करू शकतो.

पैशाची अडचण असेल तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटीस बीची औषधं सरकारी उपचार केंद्रांत मोफत दिली जातात. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. तिथे कोणतं रूप मिळतंय हे मात्र तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.

वडिलांवर लक्ष कसं ठेवायचं? गोळी असो वा नसो, पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी एएलटी (यकृताचा एक एन्झाइम), एचबीएसएजी आणि एचबीव्ही डीएनए. पहिली तपासणी ऑपरेशननंतर चार ते आठ आठवड्यांत. नुसत्या एचबीएसएजीवर थांबू नका. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात डीएनए आधी वाढतो, बाकीचं मागून कळतं. आणि विषाणूच्या आवरणात बदल झाला असेल तर एचबीएसएजीची चाचणी त्याला चुकवूही शकते. अँटी-एचबीएस वर्षातून एकदा पाहा, १० च्या खाली गेलं तर बूस्टर. एएलटी वाढलं तर लगेच हिपॅटायटीस बीला दोष देऊ नका; औषधं, सीएमव्ही नावाचा दुसरा विषाणू, हिपॅटायटीस ई, टीबीच्या गोळ्या, अशी बरीच कारणं असतात. डीएनए निगेटिव्ह असेल तर दुसरीकडे शोधायचं.

उद्या काही कारणाने आईची किडनी घेता आली नाही आणि वडिलांचं नाव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, म्हणजे झेडटीसीसीच्या, यादीत लागलं, तर हाच प्रश्न घाईत समोर येईल. मेंदूमृत दात्याच्या बाबतीत निर्णयाला तास असतात, आठवडे नाहीत. त्याला भरपूर रक्त आणि सलाइन दिलेलं असतं, त्यामुळे रक्त पातळ होऊन रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. जमेल तिथे रक्त देण्यापूर्वीचा नमुना तपासावा. कोअरचा रिपोर्ट कधी कधी ऑपरेशन झाल्यावर हाती येतो. अशा वेळी अँटी-एचबीएस भक्कम असलेल्या रुग्णाच्या टीमला फारसं काही करावं लागत नाही. नसेल तर आम्ही त्याच दिवशी गोळी सुरू करतो आणि दात्याच्या कोअरचा रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर बंद करतो. म्हणजे बूस्टर दोन्ही वाटांवर कामाला येतो.

घरातल्या ताट-वाटीचं: काही वेगळं ठेवू नका. एचबीएसएजी आणि डीएनए निगेटिव्ह असलेल्या आईकडून रोजच्या वागण्यात कुणालाही संसर्ग होत नाही. एचबीएसएजी पॉझिटिव्ह माणसाचंही ताट वेगळं लागत नाही. रेझर, नेलकटर, टूथब्रश तेवढे वेगळे. तुम्ही आणि तुमची भावंडं मात्र एकदा एचबीएसएजी, अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस या तिन्ही तपासण्या करून घ्या, कारण आईचा संसर्ग तुमच्या जन्माच्या आधीचा की नंतरचा हे आज कुणी सांगू शकत नाही. तिन्ही निगेटिव्ह आल्या तर ०, १ आणि ६ महिन्यांनी लसीचे तीन साधे डोस, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस. आईचा डीएनए आणि वडिलांचा कोअरचा रिपोर्ट आला की आकड्यांसकट इथेच लिहा. पुढचं त्यावर ठरवता येईल.